काळ्या मातीला चुना

म्हैसूरहून नैऋत्येला, एच. डी. कोटेच्या बाजूने गेले की कपिलेच्या काठी सरगूर लागते. या नदीचे दुसरे नाव काबिनी. तिच्यावरचे बिचनहळ्ळीचे धरण जवळच आहे, आणि नागरहोळे, बंदीपूरची जंगलेही फार लांब नाहीत. गाव लहान असले तरी भूशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे नाव मोठे आहे. भारतीय द्वीपकल्पातल्या अतिप्राचीन खडकांच्या एका समूहाला ‘सरगूर गट’ म्हणतात. त्याचे वय ३०० कोटी वर्षांहून अधिक आहे. त्यात काळसर, जड, लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम भरपूर असलेले खडक आहेत. ते झिजून त्यांचा गाळ ज्या सखल भागात साचला, पाण्याचा निचरा मंद राहिला आणि वर्षातले काही महिने कडक उन्हाचे गेले, तिथे काळी माती तयार झाली. शेजारच्या उंचवट्यावर, फिक्या रंगाच्या नाइस खडकावर, तांबडी माती. त्यामुळे या भागात एकाच शिवारात वर तांबडे रान आणि खाली काळे रान दिसू शकते. काळ्यात कापूस होतो, एच. डी. कोटे–सरगूर पट्टा त्यासाठी ओळखला जातो.

विदर्भ, मराठवाडा, खानदेश किंवा सोलापूरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की आपली काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या बेसाल्टपासून झाली आणि सरगूरची त्याहून कितीतरी जुन्या खडकांपासून. खडक वेगळे असले तरी झिजेतून उरलेले मुख्य खनिज तेच निघाले. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा तिथेही पडतात आणि पावसाळ्यात बैलगाडीचे चाक तिथेही रुतते. कापसाला, तुरीला, ज्वारीला मानवणारी ही माती घराला आणि रस्त्याला मात्र सहजासहजी मानवत नाही. देशाच्या जमिनीचा साधारण पाचवा हिस्सा काळ्या मातीने व्यापलेला आहे, त्यामुळे तिला टाळून बांधकाम करायचे म्हटले तर अनेक जिल्ह्यांत जागाच उरणार नाही. तिच्यावर बांधायचे तर तिचा स्वभाव बदलावा लागतो. त्यासाठी तिच्यात काहीतरी मिसळण्याचा मार्ग जुना आहे, पण काय मिसळले की नेमके काय होते, हे कळल्याशिवाय त्यात पैसे घालू नयेत.

फुगते म्हणजे काय होते?

काळ्या मातीतला उपद्व्यापी घटक म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज. फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलाँ या गावावरून १८४७ मध्ये त्याला हे नाव मिळाले. त्याचा एक कण म्हणजे अतिसूक्ष्म पापडांची चवड समजावी. एकेक पापड मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतका जाड, आणि तोही तीन थरांचा: वरखाली सिलिका, मध्ये अ‍ॅल्युमिना. मधल्या थरात काही अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम येऊन बसलेले असते. त्याने विद्युतभाराचा हिशेब थोडा चुकतो आणि पापडावर ऋणभार राहतो. तो फेडायला सोडियम, कॅल्शियम यांसारखे धनभारित आयन दोन पापडांच्या फटीत येऊन राहतात. या आयनांना पाणी आवडते. पाऊस पडला की पाण्याचे रेणू फटीत शिरतात, पापड एकमेकांपासून दूर सरकतात आणि चवड जाड होते. ऊन पडले की पाणी निघून जाते, चवड बसते आणि जमीन भेगाळते.

या कणांचे पृष्ठफळ अचाट असते. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइट उलगडून पसरले तर ते सुमारे ८०० चौरस मीटर भरते. तांबड्या मातीत सापडणाऱ्या केओलिनाइटचे हेच माप १०–२० चौरस मीटरच्या आसपास असते, कारण त्याचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात आणि मध्ये पाणी घेत नाहीत. शेजारशेजारच्या दोन रानांत एकीकडे भिंत सरळ राहते आणि दुसरीकडे फुटते, त्याचे मूळ इथे आहे.

फुगणाऱ्या मातीचा जोर किती असतो? चांगल्या काळ्या मातीचा फुगवणदाब दर चौरस मीटरला २० ते ३० टनांपर्यंत जाऊ शकतो. साध्या एकमजली घराच्या पायाखाली मातीवर येणारा भार बहुधा ५ ते १० टनांचा. म्हणजे ओझे कमी आणि उचलणारा जोरदार. म्हणून काळ्या रानात उंच इमारतींपेक्षा लहान घरे, शाळेच्या खोल्या, कंपाउंडच्या भिंती, फरशा, कालव्यांचे अस्तर आणि गावरस्ते यांचीच दैना जास्त होते.

घराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. फरशीखालची जमीन झाकली गेल्याने तिथला ओलावा उडून जात नाही, वर्षागणिक साठत जातो. बाहेरच्या कडेची माती मात्र दर उन्हाळ्यात सुकून आक्रसते. परिणामी मधली फरशी घुमटासारखी वर येते, बाहेरच्या भिंती खाली बसतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे निघतात आणि पावसाळ्यात दारे चौकटीत अडकतात. मालक गवंड्याला बोल लावतो. गवंडी सिमेंटला लावतो. दोघांनीही पायाखालच्या मातीचा ओलावा कसा बदलतो, ते पाहिलेले नसते.

रॉकेलची परीक्षा

माती किती फुगरी आहे हे कळायला फार महागडी यंत्रे लागत नाहीत. भारतीय मानकात १९७७ पासून एक साधी चाचणी आहे. माती भट्टीत वाळवायची, बारीक करून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायची आणि दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे. १०० मिलिलिटरच्या दोन मापनळ्या घ्यायच्या. एकीत रॉकेल, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी. दोन्हींत माती टाकायची, ढवळून अडकलेली हवा काढायची आणि २४ तास ठेवायचे.

रॉकेलच्या रेणूंना विद्युतभाराची ओढ नसते, त्यामुळे ते पापडांच्या फटीत शिरत नाहीत. तिथे माती नुसती तळाला बसते. पाण्याच्या नळीत ती फुगून बसते. समजा रॉकेलमध्ये मातीचा थर १० मिलिलिटरवर थांबला आणि पाण्यात २० वर, तर फुगवण १०० टक्के झाली. मानकानुसार ५० टक्क्यांखालची माती सौम्य, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० तीव्र आणि २०० च्या पुढे अतितीव्र. काचेच्या दोन नळ्या एका दिवसात जे सांगतात ते प्लॉट विकणारा कधीच सांगत नाही.

रस्त्यासाठी याच्या जोडीला सीबीआर चाचणी लागते. दाबून बसवलेल्या मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि त्यात ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या घुसवून विरोध मोजतात. उत्तम खडीचा विरोध १०० धरला तर भिजलेल्या काळ्या मातीचा बहुतेक वेळा दोन-चारच भरतो. असल्या जमिनीवर नेहमीसारखा रस्ता करायचा तर खडीचे थर इतके जाड घ्यावे लागतात की सगळा पैसा तिथेच जिरतो. मातीत काही मिसळून हा आकडा वाढवता आला तर वरची जाडी कमी करता येते. मिश्रणामागचे अर्थशास्त्र एवढेच आहे.

चुना काय करतो?

काळ्या मातीवरचा सर्वांत भरवशाचा इलाज चुना. इथे चुना म्हणजे कळीचा चुना किंवा तो विरवून केलेली कोरडी भुकटी. रानात सापडणारी चुनखडी नव्हे. चुनखडी कॅल्शियम कार्बोनेट असते आणि ती मातीत शतकानुशतके पडून असली तरी मातीची फुगवण मोडत नाही. ती भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून तिच्यातला कार्बन डायऑक्साइड घालवला की कळीचा चुना होतो, आणि मग त्याच्या अंगात जोर येतो.

हा चुना मातीत दोन टप्प्यांत काम करतो. पहिला टप्पा काही तासांचा. चुन्यातून सुटलेले कॅल्शियमचे आयन पापडांवरच्या सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतात. सोडियमचा भार एक, कॅल्शियमचा दोन, त्यामुळे कॅल्शियम पापडांना जास्त घट्ट जवळ धरतो. कणाभोवतीचे पाण्याचे आवरण पातळ होते आणि सुटे कण एकमेकांना चिकटून त्यांचे गुच्छ बनतात. हा बदल हाताला कळतो. चिखल असताना बोटांना लगद्यासारखी चिकटणारी माती दुसऱ्या दिवशी रवाळ, भुसभुशीत लागते, फावड्याला चिकटत नाही, आणि तिची वळी करायला गेले तर तुटते. रस्त्याच्या कामात या टप्प्याचा मोठा फायदा म्हणजे पावसाळ्यातल्या दलदलीवरही यंत्रे चालवता येतात.

दुसरा टप्पा संथ आहे. पुरेसा चुना असेल तर ओल्या मातीचा पीएच १२.४ पर्यंत चढतो. इतक्या तीव्र अल्कलीत मातीच्या कणांमधली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना विरघळू लागतात आणि कॅल्शियमशी जोडून नवे, न विरघळणारे बंध तयार होतात. सिमेंट घट्ट होताना जी रसायने बनतात त्याच जातीची ही रसायने. फरक असा की सिमेंट आपली सिलिका बरोबर घेऊन येते आणि चुना ती मातीतूनच काढतो. ही क्रिया आठवडे, महिने, कधी वर्षे चालू राहते. तिला ऊब लागते, थंड प्रदेशात ती हिवाळ्यात थांबते. दख्खनच्या उन्हाला इथे प्रथमच कोणी तरी धन्यवाद द्यावेत.

चुना किती घालायचा? अमेरिकेत एड्स आणि ग्रिम यांनी १९६६ मध्ये यासाठी एक सोपी रीत दिली. मातीचे काही सारखे भाग घ्यायचे, त्यांत २, ३, ४, ५, ६ टक्के असा चढत्या प्रमाणात चुना घालायचा, पाणी ओतून अधूनमधून हलवायचे आणि तासाभराने पीएच मोजायचा. ज्या सर्वांत कमी प्रमाणाला पीएच १२.४ होतो ते त्या मातीचे प्राथमिक प्रमाण. त्यावर ताकदीची चाचणी घेऊन ते पक्के करायचे. काळ्या मातीला सहसा ३ ते ८ टक्क्यांमध्ये उत्तर सापडते. त्याहून कमी घातला तर पहिला टप्पा होतो पण दुसरा होत नाही. माती तात्पुरती शहाणी वागते आणि काही पावसाळ्यांनंतर मूळ पदावर येते. कंत्राटात एक-दीड टक्का चुना वाचवण्याची किंमत ही अशी मागून मोजावी लागते.

आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून एक हिशेब करू. एक किलोमीटर गावरस्ता, ४ मीटर रुंदी, १५ सेंटिमीटर जाडीचा थर. माती झाली ६०० घनमीटर. दबाईनंतर घनमीटरला १.६ टन धरले तर कोरडे वजन ९६० टन. ४ टक्के चुना म्हणजे ३८ टनांच्या थोडे वर. आता दुसरा पर्याय: वरची ६० सेंटिमीटर काळी माती काढून मुरूम भरणे. त्याला लागेल २,४०० घनमीटर, म्हणजे जवळजवळ ८५० ब्रास मुरूम, शिवाय तितकीच काढलेली माती टाकायला जागा. खाण रस्त्याच्या कडेलाच असेल तर मुरूम परवडतो. वीस-तीस किलोमीटरवरून डंपर आणायचे असतील तर चुन्याचा विचार करण्यात शहाणपण आहे.

कामावरची गोष्ट

प्रयोगशाळेतला डबा आणि उन्हातला रस्ता यांत अंतर पडते ते मिसळण्यात. काळी माती ढेकळांची. ढेकूळ फुटले नाही तर चुना त्याच्या पृष्ठभागावर बसतो, आतली माती कोरीच राहते. म्हणून आधी माती नांगरून, वाळवून, ढेकळे फोडून घ्यावी लागतात. मोठ्या कामांवर यासाठी खास यंत्रे असतात. गावरस्त्याच्या कामात ट्रॅक्टरचा रोटाव्हेटरही चालतो, आणि तो आपल्याकडे गावोगाव आहे. चुना पसरायचा, मिसळायचा, पाणी मारायचे, पुन्हा मिसळायचे. माती फार चिवट असेल तर मिश्रण हलके दाबून एक-दोन दिवस मुरू द्यायचे, मग पुन्हा मोकळे करून शेवटची दबाई करायची. त्यानंतर किमान आठवडाभर थर ओला ठेवायचा आणि वाहने बंद.

चुना मिसळलेल्या मातीला दबाईसाठी आधीपेक्षा जास्त पाणी लागते आणि तिची कोरडी घनता थोडी कमी भरते. हे ठाऊक नसलेला पर्यवेक्षक घनता कमी आली म्हणून काम नापास करतो किंवा रोलर उगीच फिरवत बसतो. तुलना करायची ती चुना मिसळलेल्या नमुन्याच्या घनतेशी. दुसरी चूक साठवणीची. उघड्यावर ढीग करून ठेवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि हळूहळू परत चुनखडीच्या जातीवर जातो. पावसाळाभर पडून राहिलेल्या, फाटक्या पोत्यातल्या चुन्याचे वजन भरते, पण त्यात गुण उरलेला नसतो. आणि कळीचा चुना पाण्याला लागला की उकळतो. डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. मजुरांना चष्मा, हातमोजे आणि बूट देणे हा त्या कामाच्या खर्चाचाच भाग आहे.

राख, भुस्सा आणि बाटलीतले औषध

चुना करताना निसर्गावर भार पडतो. कळीचा एक टन चुना बनताना दगडातूनच सुमारे ०.७८ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. म्हणून चुन्याचे काम थोडे तरी दुसऱ्याकडून करून घ्यावे, असा प्रयत्न सतत चालू असतो. पहिली उमेदवार औष्णिक वीजकेंद्रांची राख. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, परळी, दीपनगर ही केंद्रे बहुतांशी काळ्या मातीच्याच मुलखात आहेत. राखेचा वापर वाढावा म्हणून केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढली आणि पुढे ती अनेकदा कडक केली.

पण राखेला स्वतःचा जोर कमी. आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या राखेत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना भरपूर असतात, चुना मात्र थोडाच. एकटी राख मातीत घातली तर फुगऱ्या कणांचे प्रमाण घटते म्हणून फुगवण थोडी उतरते, एवढेच. तिला दोन-तीन टक्के चुन्याची सोबत दिली की खरे रासायनिक बंध बनतात. भाताच्या तुसाची राख आणि साखर कारखान्यातल्या बगॅसची राख यांचेही तेच. कावेरी–काबिनीच्या खोऱ्यात भात आणि ऊस दोन्ही आहेत, पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांना तोटा नाही, त्यामुळे या राखा रस्त्याजवळ मिळतात. मात्र त्या कोणत्या तापमानाला जळल्या त्यावर त्यांचा गुण ठरतो. फार तापलेल्या राखेतली सिलिका स्फटिक होऊन निष्क्रिय बनते. अर्धवट जळलेल्या राखेत कोळसा राहतो. म्हणून ‘बगॅसची राख चालते’ असे सरसकट विधान करता येत नाही, त्या कारखान्याची त्या हंगामातली राख तपासावी लागते.

पोलाद कारखान्यातली दळलेली धातुमळी (स्लॅग) चुन्याबरोबर चांगले काम करते. सिमेंट चालते, पण फार चिकण मातीत ते नीट मिसळतच नाही. म्हणून आधी थोडा चुना घालून माती रवाळ करतात आणि मग सिमेंट घालतात. काथ्याचे किंवा प्लॅस्टिकचे तंतू मातीला ताणाचे बळ देतात, भेगा बारीक ठेवतात, पण पाण्याची ओढ कमी करत नाहीत. बाजारात बाटलीतून येणारी विकरे आणि द्रवरूप रसायनेही आहेत. त्यांचे परिणाम एका मातीत दिसतात आणि दुसरीत दिसत नाहीत.

इतक्या पर्यायांत गोंधळून जाण्याचे कारण नाही. कोणताही मिश्रक समोर आला की एकच प्रश्न विचारावा: हा मातीच्या कणाशी नेमके काय करतो? कणावरचे आयन बदलतो, नवे बंध बांधतो, फुगऱ्या कणांचे प्रमाण कमी करतो, की नुसता धागा होऊन आधार देतो? पहिल्या दोन गोष्टी करणारा मातीचा स्वभाव बदलतो. उरलेले दोन तिला आवर घालतात. आवर घालणेही उपयोगी असते, पण त्याला कायमचा इलाज समजून दाम मोजू नये.

इलाज कधी उलटतो?

चुन्याने माती फुगायची थांबते. पण एका परिस्थितीत तो तिला अधिक फुगवतो. अमेरिकेतल्या लास व्हेगास शहरात स्टुअर्ट अ‍ॅव्हेन्यू या रस्त्याखालच्या मातीवर चुन्याची प्रक्रिया केलेली होती. दोनेक वर्षांनी रस्ता जागोजागी उचलला जाऊन फुटला. जेम्स मिचेल यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात या प्रकाराकडे भू-तांत्रिक अभियंत्यांचे लक्ष वेधले. मातीत सल्फेटचे क्षार होते. चुना, मातीतून सुटलेले अ‍ॅल्युमिना, सल्फेट आणि पाणी एकत्र येऊन एट्रिंजाइट नावाचे खनिज तयार झाले, जे स्वतःच्या रचनेत भरपूर पाणी सामावून घेते. चुन्याच्या आधी होते त्यापेक्षा नंतरचे नुकसान मोठे ठरले.

आपल्याला याची आठवण ठेवायला ठोस कारण आहे. अतिपाण्याने चोपण झालेली जमीन सुधारायला शेतकरी जिप्सम टाकतात, आणि जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. शेतीसाठी हा उपाय बरोबरच आहे. त्यातही कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. पण अशी जमीन पुढे बिनशेती (एनए) होऊन प्लॉट पडले आणि कोणी पायाखाली चुना मिसळायला निघाला, तर जुन्या जिप्समचा हिशेब आधी लागतो. माती चुन्यासाठी पाठवताना तिच्यातले सल्फेट आणि सेंद्रिय पदार्थ दोन्ही तपासून घ्यावेत. सेंद्रिय पदार्थ जास्त असतील तर ते चुना खाऊन टाकतात आणि बंध बनू देत नाहीत. जुन्या उकिरड्याच्या किंवा साखर कारखान्याच्या मळीच्या जागेवर चुना वाया जातो तो यामुळे.

शेजारच्या मातीची मदत

मिश्रणाशिवायही एक उत्तम वाट आहे, आणि ती पवईच्या आयआयटीतून निघाली. प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर प्रदीर्घ संशोधन केले आणि भारतीय भू-तांत्रिक संस्थेच्या व्याख्यानात ते मांडले. त्यांचा भर एका निरीक्षणावर होता: फुगण्या-आक्रसण्याचा सगळा दंगा वरच्या मीटर-दीड मीटरमध्ये चालतो. त्याच्या खाली तीच माती भिजलेली असूनही शांत असते. मग वरच्या थराच्या जागी न फुगणारी पण चिकट अशी दुसरी माती पाऊण-एक मीटर दाबून घातली तर खालची काळी माती आपण खोलवर आहोत अशाच रीतीने वागेल. नुसती वाळू घालून हे होत नाही, कारण वाळूतून पाणी झरझर खाली जाते आणि कणांत परस्परांना धरून ठेवणारी ताकद नसते. उत्तर कर्नाटकातल्या मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर ही पद्धत वापरली गेली आणि पुढे कालव्यांच्या अस्तरासाठीच्या भारतीय मानकात तिला जागा मिळाली.

सरगूरसारख्या ठिकाणी हा विचार विशेष जवळचा आहे, कारण तांबडी माती तिथे शेजारच्या चढावरच असते. योग्य चिकणाईची, पण न फुगणारी तांबडी माती मिळाली तर तिचा थर हा सर्वांत स्वस्त इलाज ठरू शकतो. महाराष्ट्रात ती जागा चांगल्या मुरमाने भरता येते. मुरूम नुसता खडबडीत असून चालत नाही, त्यात थोडी चिकणाई हवी. आणि अशी माती आसपास मिळत नसेल तर काळ्याच मातीत चुना किंवा चुना-राख मिसळून तो न फुगणारा थर जागेवरच बनवता येतो. मिश्रण आणि बदली माती हे परस्परांचे शत्रू नाहीत.

घर बांधणाऱ्याने मात्र चुन्याच्या भरवशावर पाया उथळ ठेवू नये. घरासाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले तळाशी फुगीर पाइल हा जुना, कसोटीला उतरलेला मार्ग आहे. साडेतीन-चार मीटर खोल भोक पाडून त्याच्या तळाशी बुंध्याच्या अडीचपट रुंद फुगवटा कोरतात आणि काँक्रीट भरतात. तो फुगवटा ऋतूबरोबर न बदलणाऱ्या थरात रुतून बसतो, त्यामुळे वरची माती उचलू लागली तरी घर उचलले जात नाही. पाइलवरच्या बीमखाली मोकळी जागा ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला टेकत नाही. चुना मिसळलेला थर शोभतो तो फरशीखाली, अंगणात, कंपाउंडच्या आत, गाडी उभी राहते तिथे.

पाण्याची वाट

वरच्या सगळ्या उपायांना एक गोष्ट बुडवते: पाणी साचणे. चुन्याने उपचार केलेल्या थराखालची माती तीच असते. तिच्यात दर पावसाळ्यात पाणी शिरत राहिले आणि दर उन्हाळ्यात निघत राहिले तर वरचा थर कितीही चांगला असला तरी भेगा देतो. म्हणून रस्त्याला दोन्ही बाजूंना चर हवेत आणि बाजूपट्ट्या मुरमाने बंद हव्यात, कारण पाणी सर्वांत आधी तिथूनच आत जाते. घराभोवती निदान मीटर-दीड मीटर रुंदीची, बाहेरच्या बाजूला उताराची पक्की पट्टी हवी. छपराचे पाणी पाइपने दूर सोडायचे, भिंतीशी नव्हे. नळाची गळती दुरुस्त करायला दिवाळीची वाट पाहू नये. मोठे झाड भिंतीपासून त्याच्या उंचीइतके लांब असावे. पिंपळ, वड, निलगिरी उन्हाळ्यात जमिनीतून जे पाणी ओढतात त्याने एका कोपऱ्याखालची माती आक्रसते आणि घर तिकडे झुकते.

काळ्या रानात प्लॉट घेणाऱ्याने किंवा गावचा रस्ता मंजूर करणाऱ्या ग्रामपंचायतीने अभियंत्याला विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. मातीची फुगवण किती टक्के आली? सल्फेट तपासले का? चुन्याचे प्रमाण पीएचवर ठरवले की अंदाजाने? चुना कधी भाजला आणि कुठे साठवला? ढेकळे किती बारीक केली? ओला ठेवण्याचे दिवस कामाच्या वेळापत्रकात आहेत का? आणि पावसाचे पाणी शेवटी कुठे जाणार? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. यांची उत्तरे कागदावर मिळेपर्यंत चुन्याच्या पोत्यांचे बिल पास करू नये, कारण नापास झालेल्या रस्त्याखालची माती पुन्हा खणून काढण्याचा खर्च या सगळ्या चाचण्यांच्या कितीतरी पट असतो.